रक्ताची वाट शोधणारे विल्यम हार्वे

दवाखान्यात रक्ततपासणीसाठी गेलेल्या माणसाच्या दंडाला परिचारिका रबरी पट्टी आवळून बांधते. थोड्याच वेळात कोपराच्या पुढच्या बाजूला निळसर शिरा टपोऱ्या होऊन वर येतात आणि त्यांपैकी एकीत सुई घातली जाते. पट्टी दंडावर बांधली असता शिरा पट्टीच्या खाली, हाताच्या बाजूला फुगतात. वर, खांद्याच्या बाजूला फुगत नाहीत. असे का व्हावे, हा प्रश्न रुग्णाला पडत नाही आणि परिचारिकेलाही पडत नाही. युरोपातील वैद्य तर दुखण्यावरचा उपाय म्हणून शतकानुशतके अशीच पट्टी बांधून रुग्णाचे रक्त काढीत आले होते. फुगलेली शीर त्यांनी हजारो वेळा पाहिली होती, परंतु तिच्याकडे पाहून जो प्रश्न विचारायला हवा होता तो विचारला गेला नव्हता. तो विचारून त्याचे उत्तर शेवटपर्यंत शोधीत नेणारा माणूस म्हणजे विल्यम हार्वे.

हार्वे यांचा जन्म १ एप्रिल १५७८ रोजी इंग्लंडच्या आग्नेय किनाऱ्यावरील फोक्स्टन या लहानशा बंदराच्या गावी झाला. वडील व्यापार करीत आणि पुढे ते त्या गावाचे नगराध्यक्षही झाले. विल्यम हे भावंडांत थोरले. त्यांचे काही धाकटे भाऊ लंडनमध्ये व्यापार करून चांगले श्रीमंत झाले. थोरल्याने मात्र विद्येची वाट धरली. कँटरबरी येथील शाळेत शिक्षण घेऊन ते १५९३ मध्ये केंब्रिजला गेले आणि तेथील पदवी मिळवून वैद्यकाच्या अभ्यासासाठी इटलीतील पादुआ विद्यापीठात दाखल झाले. बुटका बांधा, सावळा वर्ण, बारीक काळेभोर डोळे आणि तापट स्वभाव, असे त्यांचे वर्णन त्यांना ओळखणाऱ्यांनी करून ठेवले आहे. तरुणपणी ते कमरेला लहान कट्यार बाळगीत आणि बोलता बोलता त्यांचा हात तिच्या मुठीवर जाई.

पादुआ हे त्या काळी वैद्यकविद्येचे माहेरघर मानले जाई. गॅलिलिओ त्याच विद्यापीठात गणित शिकवीत होते. शरीररचनाशास्त्राचे अध्यापक फाब्रिसियस यांच्यासाठी तेथे शवविच्छेदनाचे एक खास सभागृह बांधलेले होते. त्याचा आकार लांबट गोल होता. मध्यभागी प्रेत ठेवण्याचे मेज आणि त्याच्याभोवती विहिरीच्या कठड्यांसारखे एकावर एक चढत गेलेले सहा लाकडी सज्जे अशी त्याची रचना होती. विद्यार्थी कठड्याला रेलून, दाटीवाटीने उभे राहून खाली पाहत. अशाच एका सज्जात उभे राहून हार्वे यांनी नीलांच्या आतील झडपा प्रथम पाहिल्या असाव्यात.

येथे रक्तवाहिन्यांविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. प्रेताचे विच्छेदन केले की दोन प्रकारच्या रक्तवाहिन्या सहज वेगळ्या ओळखता येतात. एका प्रकारच्या वाहिनीची भिंत जाड आणि चिवट असते. ती कापली तरी तिचे तोंड उघडेच राहते. ही रोहिणी. दुसऱ्या प्रकारच्या वाहिनीची भिंत पातळ असते. रिकामी झाली की ती चपटी होऊन मिटते. ही नीला, बोलीभाषेतली शीर. हा फरक ग्रीक वैद्यांनाही ठाऊक होता. प्रश्न होता तो या फरकाचा अर्थ काय, हा.

दुसऱ्या शतकातील विख्यात वैद्य गॅलेन यांनी त्याचा जो अर्थ लावला, तो पुढे सुमारे चौदाशे वर्षे युरोपात प्रमाण मानला गेला. त्यांच्या मते अन्नापासून यकृतात रक्त तयार होते, ते नीलांतून सर्व अवयवांकडे जाते आणि शेतात सोडलेल्या पाटाच्या पाण्याप्रमाणे तेथेच जिरून संपते. रोज नवे अन्न, रोज नवे रक्त. त्यातील थोडा अंश हृदयाच्या मधल्या पडद्यातील सूक्ष्म छिद्रांतून डाव्या बाजूस झिरपतो, तेथे त्यात प्राणतत्त्व मिसळते आणि तो रोहिण्यांतून शरीरभर पसरतो. हे प्राणयुक्त रक्त पातळ व तरल असल्यामुळे ते निसटून जाऊ नये म्हणून रोहिणीची भिंत जाड, अशी गॅलेन यांची उपपत्ती होती. नाडी उडते तीही भिंतीच्याच सामर्थ्याने, असे ते मानीत. हृदयाकडून आलेल्या शक्तीमुळे रोहिणीची भिंत भात्याप्रमाणे आपण होऊन फुगते आणि म्हणून रक्त आत ओढले जाते, असा त्यांचा सिद्धान्त होता. गॅलेन हे सामान्य बुद्धीचे वैद्य नव्हते. रोहिण्यांत हवा नसून रक्तच असते, हे प्रयोगाने दाखवून देणारे तेच होते. त्यांच्यामागून आलेल्यांनी त्यांचे प्रयोग पुढे न नेता केवळ त्यांचे ग्रंथ पाठ केले, यात त्यांचा दोष नव्हता.

या मताला तडे मात्र गेले होते. तेराव्या शतकात कैरो येथील वैद्य इब्न अल्-नफीस यांनी हृदयाच्या पडद्यात छिद्रे नाहीत आणि रक्त फुप्फुसांतून फिरूनच डाव्या बाजूस येते, असे लिहून ठेवले होते. सोळाव्या शतकात पादुआतच शिकवून गेलेल्या कोलंबो यांनीही तेच मत मांडले होते. फाब्रिसियस यांनी नीलांच्या आतील झडपांचे बारकाईने वर्णन केले आणि १६०३ मध्ये त्यांवरील सचित्र पुस्तक प्रसिद्ध केले. भिंतीच्या आतील अस्तराचीच घडी होऊन बनलेले हे नाजूक खिसे ओळीने बसवलेले असतात. परंतु त्यांचे कार्य सांगताना फाब्रिसियस जुन्याच वाटेने गेले. हातापायांत रक्त एकदम साचू नये म्हणून हे छोटे बांध त्याचा वेग कमी करतात, असे त्यांनी म्हटले. ज्याने दार शोधून काढले त्यालाच ते कोणत्या बाजूला उघडते हे दिसले नाही.

एप्रिल १६०२ मध्ये वैद्यकाची पदवी घेऊन हार्वे इंग्लंडला परतले. १६०४ मध्ये त्यांचा विवाह एलिझाबेथ ब्राउन यांच्याशी झाला. त्यांचे सासरे राजवैद्य होते. या दांपत्याला अपत्य नव्हते. एलिझाबेथ यांनी एक पोपट पाळला होता आणि त्याच्यावर त्यांचा फार जीव होता. तो मेल्यावर हार्वे यांनी त्याचेही विच्छेदन केले, तेव्हा पोटात अंडे सापडले आणि इतकी वर्षे ज्याला सगळे नर समजत होते ती मादी असल्याचे उघड झाले! घरातल्या माणसांना हा स्वभाव सोसावा लागत असणार.

१६०९ मध्ये लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू या गोरगरिबांसाठी असलेल्या रुग्णालयात त्यांची चिकित्सक म्हणून नेमणूक झाली. १६१५ मध्ये लंडनच्या वैद्यांच्या महाविद्यालयाने त्यांच्याकडे शरीररचनेवरील व्याख्यानांचे काम सोपवले आणि पुढच्या वर्षापासून ते व्याख्याने देऊ लागले. पुढे ते राजा पहिला जेम्स आणि त्याच्यानंतर राजा पहिला चार्ल्स यांचे वैद्य झाले. मानमरातब, चांगली मिळकत आणि मोठमोठे रुग्ण या साऱ्यांचा लाभ त्यांना झाला. नव्या मताच्या मागे लागून हे सारे धोक्यात घालण्याची त्यांना काहीच गरज नव्हती.

परंतु त्यांच्या घरी वेगळेच काम चालू होते. कुत्रे, डुकरे, साप, बेडूक, मासे, कोळंबी, अंड्यातील पिले अशा कितीतरी प्राण्यांची हृदये त्यांनी उघडून पाहिली. राजा चार्ल्स शिकारीचा शौकीन होता. त्याच्या रानातील हरणेही त्यांना अभ्यासासाठी मिळत. सुरुवातीला धडधडणाऱ्या हृदयाची हालचाल इतकी वेगवान वाटे की, ते आकुंचन कधी पावते आणि प्रसरण कधी पावते हेच समजेना. मग त्यांनी थंड रक्ताच्या आणि मरणाच्या दारी असलेल्या प्राण्यांकडे लक्ष वळवले, कारण त्यांचे हृदय सावकाश चालते. हृदय आवळले जाते त्याच क्षणी रोहिणी फुगते, हे त्यांना तेथे स्पष्ट दिसले. म्हणजे रोहिणी स्वतः फुगून रक्त ओढून घेत नव्हती. हृदय रक्त ढकलीत होते आणि त्याच्या धक्क्याने तिची भिंत ताणली जात होती. सापाच्या हृदयाकडे येणारी नीला चिमटीत धरली की हृदय रिकामे होऊन फिकट पडे. हृदयातून निघणारी रोहिणी दाबली की ते रक्ताने तुडुंब फुगे.

त्यानंतर त्यांनी एक अगदी साधा हिशेब केला. त्यांच्या सबंध कामात सर्वांत धाडसी पाऊल कोणते असेल तर हेच. कारण वैद्यकात त्या काळी मोजमाप करण्याची फारशी रीत नव्हती. मृत माणसाच्या हृदयाच्या डाव्या कप्प्यात त्यांना दोन औंसांहून अधिक रक्त आढळले होते. त्यांनी मुद्दामच कमीत कमी आकडे धरले. प्रत्येक ठोक्याला समजा अर्धाच औंस रक्त बाहेर पडते आणि अर्ध्या तासात हृदयाचे ठोके हजारच पडतात. तरीही अर्ध्या तासात पाचशे औंस, म्हणजे चौदा-पंधरा किलो रक्त हृदयातून बाहेर पडते. एवढे रक्त माणसाच्या सर्व शरीरात मिळूनही नसते. खाटीक बैलाची रोहिणी कापतो तेव्हा पाव तासाच्या आत सारे अंग रिते होते, हेही त्यांनी पाहिले होते. मग हृदय दिवसभर जे ढकलीत राहते ते येते कोठून आणि जाते कोठे? कितीही जेवले तरी अन्नापासून एवढे रक्त तयार होणे शक्य नव्हते, आणि अवयव एवढे रक्त जिरवते तर ते फुटून गेले असते. म्हणून तेच रक्त पुन्हा पुन्हा हृदयाकडे परत येत असले पाहिजे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. आजच्या मोजणीनुसार निरोगी प्रौढ माणसाचे हृदय विश्रांतीच्या वेळी दर मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त पुढे ढकलते आणि शरीरातील एकूण रक्तही साधारण तेवढेच असते.

आता पट्टीचा अर्थ लागला. हार्वे यांनी एका सडपातळ माणसाच्या दंडाला पट्टी अतिशय घट्ट बांधली. मनगटाची नाडी थांबली, हात फिका व थंड पडला. पट्टीच्या वर मात्र रोहिणी जोराने उडू लागली. मग पट्टी किंचित सैल केली. तत्काळ हात लालसर आणि ऊन झाला व शिरा फुगून वर आल्या. खोलवर असलेली आणि जाड भिंतीची रोहिणी सैल पट्टीखाली मोकळी झाली होती, तिच्यातून रक्त हाताकडे जात होते; कातडीलगतची, पातळ भिंतीची नीला मात्र अजून दबलेलीच होती, त्यामुळे परतीचे रक्त अडून राहत होते. फुगलेल्या शिरेवर मध्ये मध्ये गाठींसारखे उंचवटे दिसतात, तेथे झडपा असतात. हार्वे एका बोटाने शीर दाबून धरीत आणि दुसऱ्या बोटाने तिच्यातील रक्त खांद्याच्या दिशेने, वरच्या झडपेपलीकडे सारीत. मधला भाग रिकामा होई. वरचे रक्त कितीही खाली रेटले तरी ते झडप ओलांडीत नसे. खालचे बोट उचलले की तो भाग क्षणात खालून भरून येई. झडप बांध नव्हती, ती एकाच बाजूला उघडणारे दार होती. आणि ते दार हृदयाच्या दिशेने उघडत होते. मानेतील नीलांच्या झडपा तर खाली, छातीकडे उघडतात. हातापायांत रक्त साचू नये म्हणून त्या आहेत असे म्हणावे, तर मानेत त्यांचे काय काम?

रोहिणीच्या जाड भिंतीचे कोडेही त्यांनी याच विचाराने सोडवले. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याचा धक्का ज्या भिंतीला सोसावा लागतो ती जाड. जिच्यापर्यंत तो धक्का पोचत नाही ती पातळ. त्यांनी पाहिले की हृदयाजवळच्या रोहिणीत आणि नीलेत हा फरक मोठा असतो; हृदयापासून जसजसे दूर जावे तसतसा तो कमी होतो आणि अगदी टोकाच्या फांद्यांत रोहिणी कोणती व नीला कोणती हे ओळखणे कठीण होते. भिंतीची जाडी पाहून रक्ताच्या प्रवाहाविषयी अनुमान करता येते, हा विचार तेव्हा नवा होता.

१६२८ मध्ये त्यांचे पुस्तक जर्मनीतील फ्रँकफर्ट येथे प्रसिद्ध झाले. प्राण्यांच्या हृदयाची आणि रक्ताची गती हा त्याचा विषय. लॅटिन भाषेतील हे पुस्तक अवघे ७२ पानांचे होते आणि त्यात मुद्रणाच्या चुका पुष्कळ राहिल्या होत्या. त्यात चित्रे दिली होती ती केवळ पट्टी बांधलेल्या हाताची.

हार्वे यांना ज्याची भीती वाटत होती तेच झाले. पन्नाशीला आलेल्या या प्रतिष्ठित वैद्याचे डोके फिरले आहे, असे लोक बोलू लागले आणि त्यांच्याकडे येणाऱ्या रुग्णांची संख्या घटली. वैद्यमंडळींत प्रिमरोझ यांनी दोन वर्षांत त्यांच्या खंडनाचे पुस्तक काढले. पॅरिसचे नामांकित शरीररचनाशास्त्रज्ञ रिओलाँ हेही विरोधात उभे राहिले. १६३६ मध्ये राजाच्या वकिलाबरोबर जर्मनीत गेले असता हार्वे यांनी आल्टडॉर्फ येथे वृद्ध अध्यापक होफमान यांच्यासमोर आपले प्रयोग करून दाखवले. बाकीच्यांची खात्री पटली, होफमान मात्र शंका काढीतच राहिले. तेव्हा हार्वे हातातील चाकू खाली ठेवून निघून गेले, असे सांगतात. पण केवळ हटवादीपणामुळेच विरोध होत होता असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. रक्त शरीरातून फिरते हे मान्य केले, तर रक्त काढण्याच्या ज्या उपचारावर वैद्यांचा सारा व्यवहार चालत असे त्याचे काय, हा प्रश्न होताच. हार्वे यांना स्वतःलाही तो उपचार सोडून देणे जमले नाही.

शिवाय विरोधकांच्या हाती एक खरा आक्षेप होता. रोहिण्यांतून रक्त बाहेर जाते आणि नीलांतून परत येते. मग रोहिणीतून ते नीलेत जाते कोणत्या वाटेने? ही वाट हार्वे यांना दाखवता आली नाही. त्यांच्याजवळ साधे भिंग होते. फांद्यांना फांद्या फुटत रोहिणी दिसेनाशी होई आणि पलीकडे नीलेच्या बारीक मुळ्या दिसू लागत. मधल्या मांसात काहीतरी छिद्रे असावीत, एवढेच त्यांना म्हणता आले. सबंध वर्तुळाचा तेवढाच भाग अदृश्य होता. हिशेब आणि झडपा यांवरून वाट असलीच पाहिजे, असे ते ठामपणे म्हणत राहिले.

मताला पुरावा हवा, हा त्यांचा आग्रह केवळ प्रयोगशाळेपुरता नव्हता. १६३४ मध्ये लँकाशायरमधील काही स्त्रियांवर चेटूक केल्याचा आरोप एका मुलाच्या साक्षीवरून ठेवण्यात आला. चेटकिणीच्या अंगावर सैतानाची खूण असते, अशी समजूत होती आणि आरोप सिद्ध झाला तर फाशी ठरलेली. त्यांपैकी चार स्त्रियांची तपासणी करण्याचे काम राजाने हार्वे यांच्या देखरेखीखाली शल्यवैद्य आणि सुइणी यांच्याकडे सोपवले. कोणाच्याही अंगावर अनैसर्गिक असे काही आढळले नाही, असा अहवाल त्यांनी दिला. पुढे त्या मुलाने आपण खोटे बोललो असल्याचे कबूल केले.

१६४२ मध्ये इंग्लंडमध्ये राजा आणि संसद यांच्यात यादवी युद्ध पेटले. हार्वे राजाच्या बाजूने होते. एजहिलच्या लढाईत दोन्ही राजपुत्रांना त्यांच्या स्वाधीन करण्यात आले होते. कुंपणाच्या आडोशाला बसून ते पुस्तक वाचू लागले आणि तोफेचा गोळा जवळ येऊन पडला तेव्हा तेथून उठून थोडे पलीकडे जाऊन बसले, अशी एक हकीकत आहे. याच सुमारास सैनिकांनी लंडनमधील त्यांचे राहते घर लुटले. सामानाबरोबर अनेक वर्षांची टिपणेही नष्ट झाली. त्यांत कीटकांच्या उत्पत्तीवरील संशोधनाची टिपणे होती. सामान गेल्याचे त्यांना फारसे वाटले नाही, पण त्या कागदांचे दुःख त्यांच्या मनातून कधीच गेले नाही. राजाबरोबर ते ऑक्सफर्डला राहिले, तेथील एका महाविद्यालयाचे वर्षभर प्रमुखही होते. १६४६ मध्ये ऑक्सफर्ड संसदेच्या हाती गेले. १६४९ च्या जानेवारीत राजाचा शिरच्छेद झाला. एव्हाना पत्नीही निवर्तली होती. एकाकी, संधिवाताने त्रस्त झालेले हार्वे भावांच्या घरी राहू लागले.

त्याच १६४९ साली त्यांनी रिओलाँ यांना सविस्तर उत्तर दिले. एकवीस वर्षांनंतरही वाद पुन्हा रोहिणीच्या भिंतीवरच येऊन ठेपला होता. नाडी भिंतीच्या शक्तीने उडते की रक्ताच्या धक्क्याने? हार्वे यांनी एका उमरावाच्या शरीराचा दाखला दिला. त्याची पोटातून खाली मांड्यांकडे जाणारी महारोहिणी विच्छेदनात हाडासारख्या कठीण नळीची झालेली आढळली होती. तिची भिंत फुगणे शक्यच नव्हते. तरीही तो माणूस जिवंत असताना त्या कठीण भागाच्या खाली, पायातील रोहिणी उडत असल्याचे हार्वे यांनी स्वतः पाहिले होते. भिंत दगड झाली तरी धक्का पुढे पोचत होता.

या मुद्द्यावर हार्वे यांचे म्हणणे खरे ठरले. मात्र भिंतीविषयी त्यांना जेवढे कळले त्याहून ती किती तरी गुंतागुंतीची निघाली. रोहिणीच्या भिंतीत तीन थर असतात. आतला थर म्हणजे गुळगुळीत अस्तर, मधल्या थरात लवचिक तंतू व स्नायू, आणि बाहेर चिवट तंतूंचे वेष्टण. हृदयाजवळच्या महारोहिणीत लवचिक तंतू अधिक असतात; ठोक्याबरोबर ती ताणली जाते आणि दोन ठोक्यांच्या मध्ये आक्रसून रक्ताला पुढे सारते. त्यामुळे हृदय थांबून थांबून रक्त ढकलीत असले तरी प्रवाह खंडित होत नाही. हाडासारख्या झालेल्या नळीला एवढे मात्र जमत नाही. वय वाढले आणि भिंत ताठर झाली की रक्तदाब वाढतो, त्याचे हेही एक कारण आहे. बारीक रोहिण्यांच्या भिंतीत स्नायूंचे प्रमाण मोठे असते. ते आवळून किंवा सैल पडून कोणत्या अवयवाला किती रक्त द्यावयाचे हे ठरवतात. आतले अस्तर स्वतः एक वायू तयार करून या स्नायूंना सैल पडण्याचा इशारा देते, हे तर विसाव्या शतकाच्या अखेरीस उलगडले आणि त्या शोधाला १९९८ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. नीलांची भिंत सैल असल्यामुळे त्यांत पुष्कळ रक्त मावते. पायांतील रक्त वर चढते ते पोटरीच्या स्नायूंनी नीला दाबल्यामुळे आणि झडपांनी ते खाली येऊ न दिल्यामुळे. ज्यांना दिवसभर एका जागी उभे राहून काम करावे लागते, त्यांच्या पायांतील झडपा कधी कधी निकामी होतात आणि शिरा वेड्यावाकड्या फुगून दिसू लागतात.

हृदयाच्या बायपास शस्त्रक्रियेत बहुधा पायातील नीलेचा तुकडा काढून तो रोहिणीच्या जागी जोडतात. जोडताना तो उलटा करून लावावा लागतो. तसे न केल्यास झडपा प्रवाहाच्या आड येतील. आणि एकदा त्या तुकड्यातून रोहिणीच्या दाबाचे रक्त वाहू लागले की, त्याची पातळ भिंत काही काळाने जाड होऊ लागते. धक्का सोसणारी भिंत जाड असते, हे हार्वे यांचे अनुमान असे जिवंत माणसाच्या छातीत पाहावयास मिळते.

उतारवयात हार्वे यांना मान मिळाला. तरुण वैद्यांनी त्यांचा सिद्धान्त स्वीकारला होता. १६५१ मध्ये त्यांचे प्राण्यांच्या उत्पत्तीवरील मोठे पुस्तक निघाले. तेही एका मित्राने हस्तलिखित आग्रहाने मागून नेले म्हणून. वैद्यांच्या महाविद्यालयाला त्यांनी ग्रंथालय बांधून दिले. १६५४ मध्ये महाविद्यालयाने अध्यक्षपद देऊ केले, ते त्यांनी वयाचे कारण सांगून नाकारले. लंडनमध्ये कॉफीचे फारसे नावही झाले नव्हते त्या काळात ते आणि त्यांचे बंधू एलियाब कॉफी पीत. अंधारात विचार चांगला करता येतो, असे त्यांना वाटे.

३ जून १६५७ रोजी सकाळी त्यांना जाग आली तेव्हा वाचा गेली होती. मेंदूतील रक्तवाहिनी बंद झाली किंवा फुटली म्हणजे असा झटका येतो. काय झाले हे त्यांनी ओळखले. पुतण्यांना बोलावून त्यांनी आपल्या आवडीच्या वस्तू त्यांच्या हाती दिल्या. जिभेतून रक्त काढावे अशी खूण त्यांनी औषधे देणाऱ्याला केली, पण त्याचा उपयोग झाला नाही. त्याच दिवशी त्यांचे निधन झाले. एसेक्स परगण्यातील हेम्पस्टेड येथे त्यांचे दफन करण्यात आले. त्यांनी दिलेले ग्रंथालय १६६६ च्या लंडनच्या मोठ्या आगीत भस्मसात झाले.

त्याआधी, १६६१ मध्ये, इटलीतील बोलोन्या येथील मार्चेल्लो माल्पिगी या वैद्याने बेडकाचे फुप्फुस सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून पाहिले. हार्वे यांचे पुस्तक निघाले त्याच वर्षी, १६२८ मध्ये, त्यांचा जन्म झाला होता. मांसातील छिद्रांतून रक्त झिरपताना त्यांना दिसले नाही. रोहिणीच्या शेवटच्या फांदीपासून नीलेच्या पहिल्या मुळीपर्यंत केसाहूनही कितीतरी बारीक अशा वाहिन्यांचे जाळे पसरलेले होते आणि रक्त त्यांतूनच जात होते. या वाहिन्यांना आज आपण केशवाहिन्या म्हणतो. तेथे ना स्नायू, ना जाड वेष्टण. भिंत उरते ती अस्तराच्या एका पेशीच्या जाडीची. एवढ्या पातळ भिंतीतूनच प्राणवायू पलीकडे जातो आणि टाकाऊ वायू आत येतो. जाड भिंतीच्या रोहिण्या आणि दारांच्या नीला ही सारी व्यवस्था रक्ताला या भिंतीपाशी आणून परत नेण्यासाठी असते. हार्वे यांना तीच भिंत पाहावयास मिळाली नव्हती.